सकाळचा हॉल

कुणी मोठा गवई किंवा वादक गेला की एक-दोन दिवसांत मला फोन येतोच. ‘अक्का, श्रद्धांजली सभा आहे. भाषणाला एक माइक, हातातला एक, बस्स. गाणं नाहीये, म्हणजे तुम्हाला काम कमी.’ गाणं नाहीये हे अशा खुशीत सांगतात, जसे काही माझ्यावर उपकारच. गवयाची सभा आणि गाणं नाही. हलवाई गेला आणि तेराव्याला गोड केलं नाही, तशातली गत.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं. प्रयत्न करते. पण यंदा माझं डोकं तापलेलं आहे आणि ते दिवाळीपर्यंत निवेल असं दिसत नाही. शिवाय माझ्या मराठीत मधूनमधून कानडी येणार. आमच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरूत गेल्या. आम्ही घरात मराठी बोलतो ती अशीच बोलतो. कुणाला खटकलं तर स्वल्प, म्हणजे थोडं, सांभाळून घ्या.

मी माइक लावते. वडिलांचं चिकपेटेत लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लग्न, मुंज, गणपती, इलेक्शन, सगळीकडे आमचे कर्णे. भाऊ शिकले, नोकऱ्यांना लागले, आणि कर्णे माझ्या वाट्याला आले. सुरुवातीला लोक म्हणायचे, ‘बाईमाणूस वायरी ओढत स्टेजवर फिरते, बरं दिसत नाही.’ आता तेच लोक मला माइक अक्का म्हणतात आणि तारीख मिळावी म्हणून मस्का लावतात. लग्नाची कामं मी हळूहळू सोडली आणि शास्त्रीय संगीताची धरली. पैसा कमी, कटकट दुप्पट. पण बसल्या जागी फुकट गाणं ऐकायला मिळतं, आणि तेही सगळ्यात चांगल्या जागेवरून. साउंडवाल्याची जागा हॉलच्या मधोमध मागं असते. तिथं जे ऐकू येतं ते पहिल्या रांगेतल्या शालवाल्यांना येत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, माइक लावला, बटण दाबलं, झालं. तसं नसतं. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून एक स्पीकर ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणायचं. निम्मी भांडणं या मॉनिटरवरून. एक तबलजी होते, नाव सांगत नाही, अजून खणखणीत आहेत. दर मैफलीत वाजवता वाजवता भुवया उडवून मला खुणा करायचे, वाढव, अजून वाढव. वाढवलं की गवई माझ्याकडे डोळे वटारायचा. शेवटी मी तबलजींच्या मॉनिटरमध्ये गवयाचा आवाजच कमी करून टाकला. त्यांना वाटलं तबला वाढला. मैफलीनंतर खूश होऊन म्हणाले, ‘आज जमलं बघा तुम्हाला.’ मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं.

दुसरे एक सतारिये होते. त्यांना माइकच नको असायचा. म्हणायचे, ‘हे यंत्र माझ्या सतारीचं हाड दाखवतं, मांस खातं.’ मी त्यांना म्हटलं, ‘मग तुम्ही पहिल्या तीन रांगांसाठीच वाजवा, मागच्यांचे पैसे परत देऊ.’ हसले आणि माइक लावून घेतला. पुढं प्रत्येक वेळी आधी मला बोलावून सतारीचा एक सूर ऐकवायचे आणि विचारायचे, ‘मांस आहे ना?’ ते गेले तेव्हा सभेत एकानंही त्यांची सतार कशी वाजायची ते सांगितलं नाही. प्रत्येक जण उठला आणि ते मला काय म्हणाले होते, माझी पाठ कशी थोपटली होती, माझ्या घरी इडली कशी खाल्ली होती, तेच सांगून खाली बसला. माणूस गेला सतारवाला आणि कौतुक झालं इडलीवाल्यांचं.

त्याच सभेत दोन मिनिटांचं मौन होतं. सूत्रसंचालकांना वाटलं, मौनात मागं तानपुरा वाजला तर छान. मला न विचारता त्यांनी आपला मोबाइल माइकजवळ धरला, इंटरनेटवरचा तानपुरा सुरू केला. सगळे माना खाली घालून उभे. तानपुरा वाजतोय. आणि मध्येच मोबाइलमधून एक बाई एकदम ओरडली, इलेक्ट्रॉनिक सिटीत दोन बेडरूमचे फ्लॅट, आजच बुक करा. लोकांनी मान वर केली नाही. मीसुद्धा नाही. फ्लॅटची जाहिरात संपेपर्यंत आम्ही सगळे सतारियांना आदरांजली वाहत उभे होतो. घरी येऊन मी हसले, आणि मग हसण्याचा राग आला.

तर अशा सभा. दरवर्षी वाढतायत. पूर्वी माझ्या मैफली जास्त आणि सभा कमी असायच्या. आता उलटं होत चाललंय. मोठी माणसं एकेक करून निघाली आहेत, वयच झालं, त्याला कोण काय करणार. मला राग मरणाचा येत नाही. मला राग येतो तो बाईंच्या बाबतीत जे झालं त्याचा. तेच सांगायला बसले आहे, बाकी सगळं वळसा घालणं होतं.

कमलाक्षीबाई. आम्ही सगळे नुसतं बाई म्हणायचो. धारवाडकडच्या, लग्न होऊन मल्लेश्वरमला आल्या आणि इथंच राहिल्या. त्यांचं गाणं मी वडिलांबरोबर वायरी गुंडाळायला जायची तेव्हापासून ऐकलंय. बाईंसारखी माइकची समज मी कुणात पाहिली नाही. तार सप्तकात जाताना आपसूक मान मागं घ्यायच्या, खर्जात पुढं यायच्या. आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवर माझा हात रिकामा बसायचा. एकदा म्हणाल्या, ‘तुला काही काम ठेवत नाही गं मी.’ तिथून आमचं जमलं.

वय झाल्यावर बाईंचा आवाज संध्याकाळी टिकेना. दिवसभर बोलणं, औषधं, दम, सहा वाजेपर्यंत घसा बसायचा. एका मैफलीत मध्यंतरानंतर आवाज फुटला, लोकांनी ऐकलं, आणि गावभर झालं, बाईंचा आवाज गेला. गेला वगैरे काही नव्हता. सकाळी त्यांच्या घरी जाऊन बघा म्हणावं. पहाटे उठून तासभर खर्ज लावायच्या, आणि नऊ-दहापर्यंत असा आवाज, की शेजारचे दुधाची पिशवी हातात घेऊन गेटपाशी थांबायचे. म्हणून बाईंचं एकच मागणं होतं. एक मैफल सकाळी ठेवा. सकाळचे राग गाते. तोडी गाते. ज्यांना यायचं ते येतील.

आता न जाणणाऱ्यांसाठी सांगते. आपल्या रागांना वेळा आहेत. सकाळचे राग सकाळी. पण शहरात मैफली होतात संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. त्यामुळं सकाळचे राग कुणी गातच नाही. आजची पोरं तोडी ऐकतात ती मोबाइलवर, ट्रॅफिकमध्ये, संध्याकाळी सात वाजता. बाई म्हणायच्या, ‘निम्मं घर कुलूप लावून ठेवल्यासारखं आहे हे.’

ज्या संगीत सभेकडे, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्थेकडे, हे मागणं होतं तिचे सेक्रेटरी विठ्ठलराव. आमच्यातलेच, जुने बेंगळुरूचे मराठी, साड्यांचा होलसेल व्यापार. वाईट माणूस नाही, हे आधी सांगून टाकते. पावसात माझे स्पीकर भिजले तेव्हा स्वतः ताडपत्री धरून उभा राहिलेला माणूस आहे. पण बाईंचा विषय काढला की त्यांचं घोडं एकाच जागी अडायचं.

‘अक्का, सकाळी हॉल देत नाहीत. साफसफाई असते.’

पुढच्या वेळी, ‘अक्का, सकाळी लग्नाची बुकिंगं असतात.’

त्याच्या पुढं, ‘अहो, येणार कोण? रविवारी लोक झोपतात. पार शहराच्या टोकाहून, व्हाइटफील्डवरून यायचं म्हणजे त्यांना अंधारात निघावं लागेल. रिकाम्या खुर्च्यांपुढं बाईंना बसवू का मी? त्यांचाच अपमान होईल.’

बाईंची शिष्या नंदिनी व्हाइटफील्डलाच राहते. नागपूरची मुलगी, आयटीत नोकरी, दर शनिवारी-रविवारी मेट्रोनं यायची शिकायला. ती तोंडावर म्हणाली, ‘काका, मी येते ना अंधारात निघून. दर आठवड्याला येते. माझे पन्नास मित्र आणते, मग तर झालं?’ विठ्ठलराव म्हणाले, ‘बघू, पुढच्या सीझनला.’ हे बघू सहा वर्षं चाललं. मी त्यांना इतक्या वेळा विचारलं, की शेवटी मला येताना पाहिलं की ते फोन कानाला लावायचे.

एकदा बाईंनी मला सकाळी घरी बोलावलं. म्हणाल्या, ‘तुझं ते रेकॉर्डिंगचं यंत्र आण. मला ऐकायचंय मी आता कशी गाते ते. खोटं सांगणारे पुष्कळ आहेत, यंत्र खोटं सांगणार नाही.’ मी एक चांगला माइक नेला. नंदिनीनं तानपुरा घेतला. तबला नाही, पेटी नाही. बाईंनी तोडी लावली. मल्लेश्वरमच्या गल्लीत सकाळी सोप्पुवाली येते, म्हणजे पालेभाजीवाली. आलापात ती खालून ओरडली, ‘सोप्पु, सोप्पु.’ बाईंनी सूर न सोडता हातानं नंदिनीला खूण केली, ती तानपुरा वाजवत राहिली, आणि बाईंनी खिडकीकडे तोंड करून हाक दिली, ‘दोन जुड्या मेंथ्य ठेव गं.’ मेथी सांगितली आणि पुन्हा त्याच सुरावर येऊन बसल्या. मी हेडफोन घालून बसले होते. मला रडूही आलं आणि हसूही आलं. त्या दिवशी बाई जे गायल्या, तसं मी त्यांच्या तरुणपणीही ऐकलं नव्हतं. तरुणपणी त्या लोकांना गाणं ऐकवायच्या. त्या दिवशी कुणालाच ऐकवत नव्हत्या.

त्यानंतरच्या पावसाळ्यात बाई गेल्या. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही, एवढं बरं. आणि दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावांचा फोन.

‘अक्का, फार वाईट झालं हो. पोकळी झाली बघा, कधीही न भरून येणारी.’ मग गळा साफ करून, ‘रविवारी सभा ठेवलीय. सकाळी दहाला. आपल्याच हॉलला.’

मी म्हटलं, ‘सकाळी?’

‘हो, सकाळीच. संध्याकाळी नाटकाचा ग्रुप आहे ना.’

‘सकाळी हॉल मिळाला?’

‘एका फोनवर मिळाला की. बाईंचं नाव सांगितलं, लगेच हो म्हणाले.’

मी फोन ठेवला. बोलले असते ते इथं छापता आलं नसतं. पोकळी म्हणे. पोकळी बाई गेल्यावर झाली नाही. पोकळी सहा वर्षं होती, मल्लेश्वरमच्या त्या खोलीत, रोज सकाळी, आणि तिच्यात एक बाई बसून तोडी गात होती. सफाई होती ना सकाळी? लग्नं होती ना? श्रद्धांजलीला सगळी लग्नं कुठं गेली? मी जाणार नव्हते. नंदिनी म्हणाली, ‘अक्का, तुम्ही नाही गेलात तर ते मोबाइलवरचा तानपुरा लावतील.’ म्हणून गेले.

रविवारी हॉल भरलेला. खरंच भरलेला, कठड्यापर्यंत. व्हाइटफील्डवरूनसुद्धा आले होते, अंधारात निघून आले असतील बिचारे. स्टेजवर बाईंचा फोटो, त्याला हार, बाजूला शाली पांघरलेले पाच जण. विठ्ठलरावांनी मला बजावलं, ‘भाषणांच्या मध्ये बाईंचा आवाज लावा, एक मिनिटभर. मी हात खाली केला की हळूच बारीक करत बंद. पुढं मुख्य पाहुणे बोलतील, त्यांना फ्लाइट आहे.’

भाषणं झाली. बाई कुणाच्या घरी काय जेवल्या ते सगळं आलं. युगाचा अंतही झाला. मग विठ्ठलराव माइकवर म्हणाले, ‘आता ऐकू या बाईंचा अमर स्वर,’ आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोडी लावली.

मिक्सरवर एक सरकती कळ असते, फेडर म्हणतात. वर सरकवली की आवाज येतो, खाली ओढली की जातो. बाईंचा पहिला षड्ज हॉलमध्ये उतरला आणि माझं बोट फेडरवर होतं. सकाळचे साडेदहा. तोडीची नेमकी वेळ. ज्या हॉलमध्ये, ज्या वेळी, जे त्यांना गायचं होतं, ते त्या गात होत्या. मिनिट झालं. विठ्ठलरावांनी हात खाली केला. मी बघितलं नाही. त्यांनी परत हात खाली केला, जरा जोरात. मी मिक्सरवर लावलेल्या चिकटपट्ट्या वाचत बसले.

थोड्या वेळानं ते स्वतः मागं आले. वाकून कानात म्हणाले, ‘अक्का, स्वल्प कमी करा.’

मी म्हटलं, ‘आलाप चाललाय.’

‘अहो पाहुण्यांचं विमान आहे.’

‘मग त्यांना सोडा की.’

त्यांनी फेडरकडे हात केला. तेवढ्यात नंदिनी कुठून आली कुणास ठाऊक, ती मधे येऊन उभी राहिली. नुसती हाताची घडी घालून. विठ्ठलरावांना मुलीला ढकलता येईना. ते तिथंच उभे राहिले. खालून सोप्पुवाली ओरडली. हॉलमध्ये लोक दचकून दाराकडे बघायला लागले. मग बाईंनी दोन जुड्या मेंथ्य मागितली आणि अख्खा हॉल हसला, आणि हसता हसता कितीतरी जणांनी डोळ्याला पदर, रुमाल लावला. मुख्य पाहुणे उठून गेले. त्यांच्यामागं एकही माणूस उठला नाही.

अर्धा-पाऊण तास बाई गायल्या. शेवटचा षड्ज लावला, तानपुरा एकटा वाजत राहिला, मग तोही थांबला. इथं मी फेडर खाली ओढायचा होता. गाणं संपलं होतं आणि पुढं काय आहे ते मला माहीत होतं. बाईंच्या घरी त्या सकाळी मी यंत्र बंद करायला विसरले होते आणि आमचं बोलणं त्यात आलं होतं. घरी मी ते पुष्कळदा ऐकलंय. बोट फेडरवर होतं. मी बोट उचललं.

सगळ्या हॉलमध्ये बाईंचा आवाज आला, साधा, बोलायचा.

‘जमलं का गं?’

माझा आवाज, ‘जमलं बाई.’

‘हॉलचं विचारलंस का विठ्ठलरावांना?’

‘विचारलं. सकाळी देत नाहीत म्हणाले.’

बाई हसल्या. मग पेल्याचा आवाज, पाणी प्यायल्या. ‘असू दे. सकाळ कुठं पळून जाते? रोज येते. उद्या परत विचार.’

मग मी बंद केलं.

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी मौनही जाहीर केलं नाही. लोक बसून राहिले. स्टेजवरचे उरलेले चौघे एकमेकांकडे न बघता समोर बघत होते. विठ्ठलराव माझ्या शेजारी उभे, खिशातून रुमाल काढून नुसता हातात धरलेला. म्हणाले, ‘अक्का, हे बरं नाही केलंत.’

मी वायरी गुंडाळायला लागले होते. गुंडाळता गुंडाळता त्यांना विचारलं, ‘विठ्ठलराव, सकाळचा हॉल मिळेल का?’

त्यांनी रुमाल परत खिशात घातला.

मी म्हटलं, ‘बाईंनी परत विचारायला सांगितलं होतं. म्हणून विचारते.’